लाल चुंबळीचा फोटो

मी एक कॅमेरा बोलतोय. वय झालंय माझं. बटणांवरची अक्षरं पुसट झालीत आणि पकडीचं रबर एका बाजूनं सुटलंय. आयुष्यात मी लाखभर फोटो काढले, पण आज मला त्यातल्या एकाच फोटोबद्दल सांगायचंय. तो काढताना माझ्याकडूनही एक चूक झाली.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती सांगलीत, नाथाजींच्या स्टुडिओत. नाथाजी लग्नाचे फोटो काढायचे. त्यांच्या गळ्यात लटकून मी सहा वर्षं काढली. अक्षता, बँड, रुसलेल्या आत्या, जेवणाच्या पंगती, सगळं पाहिलं. ते माझी काच शर्टाच्या टोकानं पुसायचे. मग त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि मी कपाटात गेलो. तिथून मला इंद्रजित शेडगे घेऊन गेला.

इंद्रजित साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस होता. दिवसभर लोखंडी भाग मोजायचे आणि सुट्टीच्या दिवशी आकाश बघायचं, असा त्याचा शिरस्ता. त्याला तेजोमेघांचे फोटो काढायचे होते. तेजोमेघ म्हणजे आकाशातले वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग. त्यातले पुष्कळसे लाल रंगात चमकतात, पण तो लाल उजेड इतका मंद असतो की माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. आम्हां कॅमेऱ्यांच्या आत एक काच असते, तीही तो अडवते. इंद्रजितनं पुण्याला नेऊन माझी ती काच काढून घेतली. तेव्हापासून माणसांचे चेहरे मला तांबडे दिसू लागले. लग्नाच्या कामाचा मी राहिलो नाही. आकाशाच्या कामाचा मात्र झालो.

साताऱ्याच्या आकाशात दिव्यांचा उजेड फार. म्हणून एका डिसेंबरात, अमावास्येच्या आधी, इंद्रजित मला आणि दुर्बिणीला घेऊन वडूजच्या पलीकडच्या माळावर गेला. रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्यानं स्टँड उभा केला. हा स्टँड मोटरवर अगदी सावकाश फिरतो आणि सरकत्या ताऱ्यांच्या मागं मागं जातो. त्यावर दुर्बीण, आणि दुर्बिणीच्या मागं मी.

पहिला फोटो सुरू झाला आणि अंधारातून आवाज आला.

"कोण हाय रं तिकडं? मेंढरं न्यायाला आलाय व्हय?"

हातात काठी, खांद्यावर घोंगडं, मागं दोन कुत्री. हे आप्पासो दडस. साठीच्या घरातले. त्यांची वस्ती हाकेच्या अंतरावर होती. आठ एकर कोरडवाहू जमीन, चाळीसभर मेंढरं आणि घरात ते आणि हरणाबाई, दोघंच.

"नाही मामा," इंद्रजित घाबरत म्हणाला. "फोटो काढतोय. आकाशाचे."

"अंधारात?" आप्पासोंनी माझ्या रोखानं वर पाहिलं. "ह्यो मिरग हाय. त्यातलं ते तिकांडं, त्ये तीन तारं. पर तुमचं यंत्र तर पल्याड बगतंय. तितं काय बी न्हाई की, साहेब."

"थांबा पाच मिनिटं."

पाच मिनिटांनी माझ्या पाठीवरच्या पडद्यावर फोटो उमटला. त्यात ताऱ्यांच्या गर्दीत एक पुसट तांबूस कडं होतं, मधोमध पोकळ. आप्पासो खाली वाकून कितीतरी वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी वस्तीकडं तोंड करून हाक मारली. हरणाबाई लगबगीनं आल्या, डोक्यावर पदर घेऊन वाकल्या आणि लगेच म्हणाल्या,

"आवं, ही तर चुंबळ की!"

डोक्यावर घागर घेताना खाली कापडाचं गोल वेटोळं ठेवतात, ती चुंबळ. अगदी तशीच दिसत होती ती. पुस्तकात त्या तेजोमेघाला रोझेट म्हणतात. त्या दिवसापासून आमच्यात त्याला दुसरं कुणी काही म्हटलं नाही.

"चाळीस वर्सं मेंढरामागं ह्येच्या खाली निजलोय," आप्पासो म्हणाले. "आनि ही हितं हाय, ह्ये कुनी सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंद्रजितला रस्त्यावर उभं राहू दिलं नाही. त्यांच्या विहिरीवर जुन्या इंजिनाचा सिमेंटचा ओटा होता. इंजिन कधीच मोडीत गेलं होतं. त्या ओट्यावर स्टँडचे तीन पाय ठेवले, पायांच्या जागी रंगानं खुणा केल्या, आणि ती आमची जागा झाली. मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, म्हणजे वाघरीपाशी, लांडग्याच्या भीतीनं एक मोठा दिवा असायचा. आम्ही असलो की आप्पासो तो बंद करायचे आणि स्वतः काठी घेऊन वाघरीजवळ बसायचे. इंद्रजितला वाटायचं, मामांना झोप येत नाही. तो बिनधास्त गाडीत निजायचा.

तिसऱ्या रात्री पहाटेच्या सुमाराला कुत्री वेड्यासारखी भुंकू लागली. आप्पासो ओरडत धावले. मी जागचा हलू शकत नव्हतो, पण ऐकत होतो. थोड्या वेळानं हरणाबाईंचं मुसमुसणं ऐकू आलं.

"दोन कोकरं न्हेली वं. दिवा आसता तर आला नसता लांडगा."

"हळू बोल. त्येला सांगू नगंस. सांगितलं तर उद्यापासनं यायचा न्हाई त्यो."

गाडीचं दार उघडून इंद्रजितनं विचारलं, "काय झालं मामा?"

"काय न्हाई रं गड्या. कोल्हं आलं आसंल. नीज तू."

तोवर 'साहेब'चा 'गड्या' झाला होता.

असे फोटो एका रात्रीत होत नाहीत. पाच पाच मिनिटांचे शेकडो फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठं तो मंद उजेड ठळक होतो. इंद्रजितला रजा मिळेना. आप्पासोच म्हणाले, "मला शिकव की. मेंढराच्या पायातला काटा काढतो म्या, बटन दाबाया काय लागतंय?"

आणि ते शिकले. आधी एका ठळक ताऱ्यावर दुर्बिणीची नजर बारीक करायची, मग मोबाइलवरून ती चुंबळीकडं वळवायची, मग बटण दाबायचं. त्यांची बोटं खरखरीत होती, पण इतक्या हलक्या हातानं मला आजवर कुणी धरलं नव्हतं. दर तासाला ते येऊन काचेवर दव पडलंय का पाहायचे. स्वतःच्या अंगावरचं घोंगडं काढून दुर्बिणीभोवती असं गुंडाळायचे, की तोंड तेवढं उघडं राहील. सकाळी सगळ्यावर ताडपत्री टाकून मेंढरं घेऊन रानात जायचे.

डिसेंबर आणि जानेवारी मिळून अकरा रात्री काम झालं. त्यातल्या सात रात्री आप्पासो एकटे होते.

आता माझी चूक सांगतो. मी प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख, वेळ, किती सेकंद उजेड घेतला, अशी नोंद लिहितो. त्यात फोटो काढणाऱ्याच्या नावाचीही जागा असते. इंद्रजितनं मला घेतलं त्याच दिवशी तिथं स्वतःचं नाव भरून ठेवलं होतं. त्या सातही रात्री, दर पाच मिनिटांनी, आप्पासोंनी काढलेल्या फोटोवर मी 'इंद्रजित शेडगे' असं लिहीत गेलो. मला दुसरं काही येतच नव्हतं.

त्या एकट्या रात्रींपैकी एका रात्री एक मोठी उल्का पडली. उल्कावर्षावाचेच दिवस होते. माझं दार उघडं होतं, आणि ती पांढरीशुभ्र रेघ सरळ चुंबळीच्या कडेवरून गेली. आप्पासो एवढ्यानं ओरडले की कुत्री उठली. त्यांनी लगेच इंद्रजितला आवाजी निरोप पाठवला.

"गड्या, लय मोठा तारा तुटला! बरुबर आपल्या चुंबळीवरनं गेला. यंत्र चालू हुतं. घावला आसंल बग. ह्यो फोटू माजा!"

पुढं साताऱ्याच्या घरात फोटो रचायचं काम सुरू झालं. मी टेबलावर, संगणकाच्या शेजारी. तीन-चार रविवार इंद्रजित तिथून उठला नाही. ढगाचे, हललेले, विमान आलेले फोटो त्यानं बाजूला काढले. उरलेले एकमेकांवर बसवले. पहिल्यांदा पडद्यावर नुसता काळोख असतो. तो हळूहळू ताणत गेलं की आतला तांबडा रंग वर येतो. रंग फार ताणला तर ताऱ्यांभोवती कडी पडतात, कमी ताणला तर चुंबळ बुडून जाते. इंद्रजितचा हात त्यात खरंच चांगला होता. हे मी नाकारत नाही.

एकावर एक रचताना संगणकाचा एक नियम असतो. जे सगळ्या फोटोंत आहे ते ठेवायचं, जे एकाच फोटोत आहे ते दोष समजून टाकून द्यायचं.

"हीच ती मामांची उल्का," इंद्रजित पडद्यावर बोट ठेवून बायकोला म्हणाला.

रेश्मा वाकून बघत म्हणाली, "किती सुंदर आहे. ही राहील ना?"

"नाही. ती आपोआप गळते."

"मग वेगळी ठेवता येत नाही?"

"येते. पण चित्र बिघडेल गं. नजर सगळी त्या रेघेवरच जाईल."

फोटो झाला. खरंच सांगतो, इतकं देखणं काही माझ्यातून निघेल असं मला वाटलं नव्हतं. सांगलीला एका आकाशप्रेमी मंडळाचं प्रदर्शन होतं. इंद्रजितनं अर्ज भरायला घेतला. रेश्मा शेजारी भाजी निवडत बसली होती.

"मामांचं नाव?"

"छायाचित्रकार म्हणून एकच रकाना आहे."

"मग खाली लिहा की दोन ओळी. सात रात्री जागलेत ते."

"लिहू नंतर. आज शेवटची तारीख आहे."

चित्राला नाव द्यायचं होतं. इंद्रजितनं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'आकाशाची चुंबळ'.

फोटोला पहिला क्रमांक मिळाला. इंद्रजितनं मोठ्या प्रेमानं आप्पासोंना आणि हरणाबाईंना बोलावलं, हेही खरं. ती दोघं सकाळची एसटी धरून सांगलीला आली. आप्पासोंच्या डोक्याला धुतलेला पटका होता, आणि हरणाबाईंच्या अंगावर घडी मोडलेलं नवं लुगडं. हातातल्या पिशवीत इंद्रजितसाठी लोकरीचं नवं जेन होतं, बसायला अंथरायचं. मला फोटोच्या खाली एका टेबलावर मांडलं होतं, 'याच कॅमेऱ्यानं' अशी चिठ्ठी लावून. त्यामुळं सगळं माझ्यासमोरच घडलं.

हरणाबाईंनी फोटो बघून दोन्ही हात जोडले. "लय ग्वाड झालंय," त्या म्हणाल्या.

आप्पासो मात्र जवळ गेले. नाक लागेल इतके जवळ. चुंबळीच्या कडेकडेनं त्यांची नजर फिरत होती. मग ते खालची पाटी वाचू लागले. त्यांची शाळा चौथीपर्यंतची, म्हणून ते अक्षर अक्षर लावून वाचायचे. 'आकाशाची चुंबळ. छायाचित्र : इंद्रजित शेडगे, सातारा.' वाचून झालं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तेवढ्यात मंडळाचे कुणी पदाधिकारी आले. इंद्रजितच्या पाठीवर थाप मारून त्यांनी विचारलं, "आणि हे पाहुणे कोण?"

"हे मामा. यांच्या रानात आम्ही उतरतो. फार मदत असते यांची."

पदाधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि ते पुढच्या फोटोकडं गेले.

आप्पासोंनी विचारलं, "त्यो तारा कुटं गेला?"

"कुठला, मामा?"

"तुटलेला. चुंबळीवरनं गेल्याला."

इंद्रजितनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. "मामा, ते सॉफ्टवेअर असतं ना, ते एकदाच आलेली गोष्ट खोडून टाकतं. सगळ्या फोटोंत असेल तेवढंच ठेवतं."

आप्पासोंनी पाटीकडं पाहिलं.

"माजं नाव बी त्येनंच खोडलं व्हय?"

आवाज चढला नव्हता. शेजारच्या माणसाला ऐकूसुद्धा गेलं नसेल. इंद्रजित काहीतरी बोलू लागला, अर्ज, रकाना, शेवटची तारीख. आप्पासोंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसू द्या. गाडी हाय दोनची." पिशवीतलं जेन काढून त्यांनी ते टेबलावर, माझ्या शेजारी ठेवलं. हरणाबाई काय झालं ते न कळून एकदा नवऱ्याकडं आणि एकदा इंद्रजितकडं बघत होत्या. दोघंही मंडळानं ठेवलेले पोहे न खाताच गेली.

त्या क्षणी इंद्रजित पेन घेऊन पाटीवर दोन शब्द लिहू शकला असता. पेन त्याच्या खिशातच होतं, मला दिसत होतं. पण भोवती माणसं अभिनंदन करत होती. तो हसून हात मिळवत राहिला.

पुढच्या अमावास्येला त्यानं फोन केला.

"आवंदा नगं, साहेब," पलीकडून आप्पासो म्हणाले. "मेंढरं हायती."

'साहेब' ऐकून इंद्रजितनं फोन तसाच कानाला धरून ठेवला. पलीकडून तो कधीच बंद झाला होता.

वर्ष गेलं. मी बॅगेतच होतो. मग एका रविवारी इंद्रजितनं जुने फोटो पुन्हा काढले, नव्यानं रचले, आणि ती उल्का हातानं परत आणून बसवली. चित्र मुळीच बिघडलं नाही. पहिल्यापेक्षा चांगलंच झालं. त्याखाली त्यानं आप्पासोंचं नाव आधी आणि आपलं नंतर घातलं, मोठी प्रत काढली, चौकटीत बसवली आणि दिवस मावळायला वडूजकडं निघाला. मीही बरोबर होतो. त्याला आशा असावी.

रस्त्याच्या वळणावरूनच तो उजेड दिसला. वाघरीजवळ आता दोन दिवे होते, आणि विहिरीवरच्या ओट्याशेजारी खांब रोवून तिसरा. सगळं रान पांढरं पडलं होतं.

आप्पासोंनी आदरानं बसायला घातलं. "या साहेब." हरणाबाईंनी चहा केला. पाऊस कमी पडल्याचं बोलणं झालं, ज्वारीचं झालं. इंद्रजितनं चौकट पुढं केली. "मामा, चुकलं माझं."

आप्पासोंनी फोटो हातात घेतला. उल्केवर बोट ठेवलं. खाली स्वतःचं नाव होतं, तेही वाचलं. डोळे भरले की नाही ते मला बॅगेच्या फटीतून दिसलं नाही. आवाज मात्र तसाच होता.

"चांगलं केलंसा," ते म्हणाले. "ठेवा तितं."

फोटो कणगीला टेकून ठेवला गेला. दिवा बंद करू का, असं त्यांनी विचारलं नाही. करा, असं म्हणायचं तोंड इंद्रजितला नव्हतं.

निघताना हरणाबाई गाडीपर्यंत आल्या. दिव्यांकडं बघणाऱ्या इंद्रजितला त्या हळूच म्हणाल्या, "राग मानू नगा, बाळा. दिवा लागतोच. तुमी हुता तवा बंद ठेवायचो, त्या वक्ताला दोन कोकरं न्हेली लांडग्यानं. त्यांनी सांगू दिलं न्हाई तुमाला."

इंद्रजित गाडीत बसला. किल्ली फिरवायला त्याला बराच वेळ लागला.

त्यानंतर त्यानं मला कधी आकाशाकडं धरलं नाही. स्टँड विकला, दुर्बीण विकली. गेल्या आठवड्यात मला बघायला सोनम नावाची मुलगी आली. कोयनानगरला शिक्षिका आहे, धरणाच्या वसाहतीत राहते. भर दुपारी ती साताऱ्याच्या त्या घरात बसून माझी बटणं एकेक तपासत होती. भिंतीवरच्या फोटोकडं तिचं लक्ष गेलं. बक्षीस मिळालेली ती पहिली प्रत, खाली एकच नाव असलेली.

"बापरे! हा याच कॅमेऱ्यानं? कुणी काढलाय?"

रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात थांबली. इंद्रजित पाणी प्यायला.

"आप्पासो बिरू दडस यांनी," तो म्हणाला. "खटाव तालुक्यातले. मेंढरं राखतात."

"खाली तर तुमचं नाव आहे."

"हो. मी फक्त रचला. ती चूक आहे माझी."

सोनमला त्याचं काही वाटलं नसावं. ती 'अच्छा' म्हणाली आणि माझी बॅटरी बघू लागली. एका अनोळखी मुलीसमोर, ज्यानं ऐकायला हवं होतं त्याच्यापासून दोन तासांच्या अंतरावर, त्यानं ते नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. प्रदर्शनात एवढंच म्हणायचं होतं.

आज पैसे देऊन ती मला घेऊन निघाली. आता मी कोयनेच्या एसटीत आहे, सोनमच्या मांडीवरच्या पिशवीत. घाट लागलाय. तिनं माझ्या पोटातलं जुनं नाव पुसलंय आणि ती जागा अजून रिकामी ठेवलीय. नव्या घरी मला कोण कसं वापरेल, मला माहीत नाही. मला बोलता येतं ते तुमच्याशीच, म्हणून एक काम सांगतो. तुमच्यापैकी कुणी वडूजच्या बाजूला गेलं, तर माळावर आप्पासो दडसांची वस्ती विचारा. कुणीही दाखवेल, लांबून उजेड दिसतो. त्यांना म्हणावं, त्या सात रात्री कॅमेरा जागा होता. दोन कोकरांचं त्यानं ऐकलं होतं. बोट कुणाचं होतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.